फैजपूर ते जळगाव, सात मिनिटांत

मॅडमनी भाषणाचे नियम सांगितले तेव्हा वर्गात कुणी हूं की चूं केलं नाही. विषय आपापल्या तालुक्यातला घ्यायचा, वेळ सात मिनिटं, हातात कागद नको. मग त्या म्हणाल्या, "आणि 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग' अशी सुरुवात करायची नाही," तेव्हा मात्र मागच्या बाकांवर कुजबुज सुरू झाली. कागद गेला ते चाललं असतं, पण हे?

कुजबुज होणारच. टिळक पुण्यतिथीला, गांधी जयंतीला आपण सगळे याच वाक्यावर पाय देऊन भाषणात शिरलेलो. "...आणि इथे जमलेल्या माझ्या बालमित्र-मैत्रिणींनो, मी आज जे दोन शब्द सांगणार आहे ते आपण शांत चित्ताने ऐकून घ्यावेत ही नम्र विनंती." एवढं कुणीही झोपेतून उठून म्हणेल. पोरं अडकायची ती याच्या पुढे. विनंतीपर्यंत सुसाट यायची आणि मग आढ्याकडे बघत उभी राहायची. खालून बाई पुढच्या वाक्याचा पहिला शब्द पुरवायच्या, की परिच्छेद संपेपर्यंत पुन्हा सुसाट. पोराला येत सगळं होतं. फक्त इथून तिकडे जायचं कसं, तेवढं डोक्यातून गेलेलं असायचं.

आमच्या बी.एड.च्या वर्गात रावेर-यावलकडची मंडळी बरीच, त्यामुळे केळीवरच्या भाषणांना तोटा नव्हता. मृगबाग, कांदेबाग, करपा, बऱ्हाणपूरचा भाव, सगळं येणारच होतं. मी फैजपूरचं काँग्रेस अधिवेशन घेतलं. डिसेंबर १९३६. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलं. तोवर हे सगळं मुंबई, कलकत्ता, लाहोर, लखनौ असं शहरांतच चालायचं. अध्यक्ष पंडित नेहरू, स्वागताध्यक्ष शंकरराव देव. खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी, साने गुरुजी यांच्यासारख्यांनी त्यासाठी रात्रीचा दिवस केलेला. मी रोज फैजपूरच्या स्टँडवरून एसटी पकडते, आणि शाळेत या अधिवेशनावर मिळालेली माहिती म्हणजे दोन ओळी. म्हणून तोच विषय.

माहिती जमवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. कॉलेजचं ग्रंथालय, ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींकडची कात्रणं आणि म्हाताऱ्या माणसांच्या ऐकीव गोष्टी. ऐकीवातल्या बऱ्याच सोडून दिल्या, कारण ज्याला विचारावं त्याच्या आजोबांनी नेहरूंना पाणी पाजलेलं होतं.

खरं काम लिहून झाल्यावर सुरू झालं. मी मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द बोलते, म्हणजे सात मिनिटांत आठशेच्या आसपास. तेवढं लिहून काढलं आणि मोठ्याने वाचलं, तर तोंडात बसेना. "अधिवेशनस्थळाची उभारणी स्थानिक साहित्याचा वापर करून करण्यात आली." हे वाक्य परीक्षेत चालतं. उभं राहून म्हणायला गेलं की 'करून' आणि 'करण्यात' यांच्यात जीभ अडकते, आणि कोणी उभारलं ते वाक्यात कुठे नाहीच. मग ते असं केलं: "नंदलाल बोस शांतिनिकेतनहून आले. बांबू, गवत, चटया, गावाकडे मिळेल ते घेतलं आणि टिळकनगर उभं केलं." आता त्यात एक माणूस आहे, तो काहीतरी करतोय, आणि ते डोळ्यांपुढे येतं. सगळं भाषण असं पुन्हा लिहिलं. 'करण्यात आले' जिथे जिथे होतं तिथे तिथे करणारा शोधून आणला. निम्मं पाठांतर या लिहिण्यातच झालं. पाठ होत नाही ते वाक्य बहुतेक वेळा मुळात नीट लिहिलेलंच नसतं, असं माझं मत झालं आहे.

उरलेल्या निम्म्यासाठी आधी आमचाच अभ्यासक्रम उघडला. मानसशास्त्राच्या पेपरला विस्मरणाचा वक्र असतो. हर्मन एबिंगहाउस या जर्मन माणसाने स्वतःलाच प्रयोगाला बसवलं, अर्थ नसलेली अक्षरं पाठ केली आणि किती वेळाने किती उरतं ते मोजलं. पहिल्या तासाभरातच निम्म्याहून जास्त गळून जातं, पुढची गळती सावकाश होते. त्याचं हे काम १८८५ साली छापून आलं. काँग्रेसची स्थापनाही डिसेंबर १८८५ चीच, त्यामुळे ते साल मला दोन्हीकडे फुकटात मिळालं. गंमत म्हणजे विसरायला कसं होतं याचं हे उत्तर आम्ही घोकून पाठ करतो आणि पेपर झाला की विसरतो.

त्याहून उपयोगी पडला तो अलीकडचा प्रयोग. रोडिगर आणि कार्पिकी या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला. काही विद्यार्थ्यांना उतारा पुन्हा पुन्हा वाचायला दिला, काहींना वाचल्यावर तो न बघता आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी तपासलं तर वाचणारे पुढे. आठवड्याने तपासलं तर आठवणारे पुढे. हे वाचल्यावर मी कागद स्वयंपाकघरातल्या डब्याखाली ठेवला आणि आठवून बोलायला लागले. अडले की डबा उचलून बघायचं, पुन्हा खाली. त्रास होतो. रात्री वाचून झोपलं की कसं सगळं आल्यासारखं वाटतं, तसं यात एकदाही वाटत नाही. पण सकाळी उठल्यावर शिल्लक जास्त असते.

आमचे आबा, म्हणजे वडिलांचे चुलते, सप्ताहात कीर्तनं करतात. मुक्ताईनगरच्या वारीतले जुने माणूस. मी अंगणात येरझाऱ्या घालत पुटपुटत होते तेव्हा ते बाजेवर बसून ऐकत होते. म्हणाले, "अव पोरी, सारं पाठ काय करते? मी दोन घंटे उभा ऱ्हातो, मले काय सारं पाठ आसते?"

मग त्यांनी त्यांची वही दाखवली. कापडी बांधणीची, कोपरे तेलकट झालेली. एका कीर्तनाला एक पान. वर अभंगाची पहिली ओळ, खाली चरणांचे सुरुवातीचे शब्द, प्रत्येक चरणापुढे एकदोन खुणेचे शब्द: 'विहीर', 'सासूचा दृष्टांत', 'ज्ञानोबांचं प्रमाण'. बस्स. दोन तासांचं कीर्तन एवढ्यावर. एक चरण घ्यायचा, त्याचा अर्थ फोडायचा, दृष्टांत द्यायचा, प्रमाण द्यायचं आणि धृपदावर, म्हणजे अभंगाच्या फिरून फिरून येणाऱ्या ओळीवर, यायचं. धृपद आलं की टाळकरी चाल उचलतात, मृदंग घुमतो. आबा म्हणाले, लोकांना वाटतं महाराज रंगले. महाराज तेव्हा पुढचा चरण आठवत असतात.

हे ऐकून मी खाली बसलेच. इतकी वर्षं कीर्तनाला मांडीला मांडी लावून बसलो, आणि ती चाल महाराजांना विचार करायला मिळालेली सवड असते हे कधी लक्षातही आलं नव्हतं.

चरण म्हणून काय घ्यायचं हा पुढचा प्रश्न. ग्रीक आणि रोमन वक्ते भाषणाचे मुद्दे ओळखीच्या घरातल्या खोल्याखोल्यांत मनाने ठेवून द्यायचे आणि बोलताना त्या घरातून फिरायचे, असं वाचलं होतं. आमच्या घराला खोल्या तीन, त्यातली एक कपाशीने भरलेली. त्यापेक्षा रोजची एसटी बरी. फैजपूर, आमोदा, बामणोद, तापीचा पूल, भुसावळ, साकेगाव, नशिराबाद, मग जळगाव. हा रस्ता मला आठवावा लागत नाही, डोळे मिटले तरी गतिरोधकावरून कळतं कुठे आलो ते.

आता एकेका ठिकाणी एकेक मुद्दा बसवायचा. चित्र जितकं वेडगळ तितकं बरं. फैजपूरच्या स्टँडवर कंट्रोलर भोंग्यातून ओरडतोय, "पन्नासावं अधिवेशन, फलाटावर लागत आहे." आमोद्याला नंदलाल बोस बांबूंची मोळी घेऊन चढायला बघताहेत आणि कंडक्टर लगेजचं तिकीट मागतोय. आपण चित्रकार, बांधकामातलं आपल्याला काय कळतं, असं म्हणून ते या कामाला आधी कचरले होते. तेच ते कंडक्टरला सांगताहेत. बामणोदला खादी आणि ग्रामोद्योगांचं प्रदर्शन. तिथे गांधीजी उद्घाटनाला आलेत आणि चरख्यांच्या मधोमध भरताच्या हिरव्या-पांढऱ्या वांग्यांच्या टोपल्या, कारण बामणोद म्हटलं की मला दुसरं काही दिसूच शकत नाही. तापीच्या पुलावर बैल जुंपलेला, सजवलेला रथ, त्यात नेहरू उभे, आणि मागे आमची एसटी हॉर्न वाजवतेय. भुसावळला फलाटभर मतपेट्या: ब्रिटिशांचा १९३५ चा भारत सरकार कायदा, १९३७ च्या तोंडावर आलेल्या निवडणुका, तो कायदा नाकारायचा आणि घटना समितीची मागणी करायची हा ठराव. साकेगावला वाघूरच्या पुलापाशी एक शेतकरी गाडीत चढतो आणि ओळीने मागण्या सांगतो: शेतसारा कमी करा, खंड कमी करा, कर्जातून सोडवा, वेठबेगार बंद करा, मजुराला पोट भरेल इतकी मजुरी द्या. फैजपूरचा शेतीविषयक कार्यक्रम तो हाच. नशिराबादला समारोप: धनाजी नानांच्या नावाचं कॉलेज फैजपुरात आज उभं आहे, तिथली पोरं रोज या रस्त्याने जातात.

ज्याला थांबा मिळाला नाही ते वगळलं. मुंबईहून फैजपूरपर्यंत पायी आणलेली ज्योत वगळताना जिवावर आलं. पण ती बसवायची तर बामणोद आणि पुलाच्या मध्ये बसवावी लागत होती, आणि तिथे रस्त्यावर लक्षात राहावं असं काही नाहीच.

थांबे पक्के झाले तरी एक अडचण राहिली. बामणोदला वांगी दिसायची, पुलावर रथ दिसायचा, पण प्रदर्शनावरून रथावर बोलत बोलत जायचं कसं ते सुचेना. "तसेच", "त्याचप्रमाणे", "यानंतर" असले शब्द लावून बघितले. ते म्हणताना मला स्वतःलाच कंटाळा यायचा. तिथे आबांचं धृपद कामी आलं. सगळ्या भाषणाला एकच ओळ घेतली: "आणि हे सगळं एका खेड्यात." प्रत्येक थांब्याचं बोलणं याच ओळीवर आणून सोडायचं. देशभरातून पुढारी आले, प्रतिनिधी आले, आणि हे सगळं एका खेड्यात. कायदा लंडनमध्ये झाला, त्याला नाही म्हणायचं ठरलं, आणि ते ठरलं एका खेड्यात. ओळ म्हटली की क्षणभर थांबायचं. ऐकणाऱ्याला वाटतं जोर दिला. आपण तोवर पुढच्या स्टॉपवर पोचलेलो असतो.

यात न मागता आणखी एक फायदा झाला. जो मुद्दा या ओळीवर येईना तो भाषणात कशाला हवा, हे आपोआप कळायला लागलं. कुठला ठराव कोणी मांडला, अनुमोदन कोणाचं, असला बराच भरणा त्यामुळे गेला.

सराव आईने करून घेतला. तिला विषयात काडीचा रस नव्हता, थांबे मात्र तोंडपाठ. ती तुरकाठ्यांवर वांगी भाजत बसायची आणि मध्येच म्हणायची, "साकेगाव!" की मी साकेगावपासून सुरू. शेतकरी चढला, दोन मागण्या झाल्या, की ती म्हणायची, "आमोदा!" मग बांबूंपासून. सुरुवातीपासून शेवटपर्यंत म्हणत राहण्यात तोटा असा की सुरुवात दगडासारखी पक्की होते आणि शेवट कच्चा राहतो, कारण दर वेळी अडतो तिथून आपण पुन्हा पहिल्यापासून धरतो. आईच्या पद्धतीने नशिराबादही फैजपूरइतकंच पक्कं झालं. शिवाय ती मधूनच "जरा पाणी दे", "गॅस बघ" असं म्हणायची. ते मुद्दाम नव्हतं, पण त्यासारखा सराव नाही. पाणी देऊन आलं की धृपद म्हणायचं आणि पुढचा थांबा घ्यायचा. धाकटा भाऊ मोबाइलवर वेळ लावायचा. पहिल्यांदा भाषण साडेनऊ मिनिटं भरलं. मतपेट्यांपाशी मी फार रेंगाळत होते, ते कापलं.

वाक्यं मात्र शेवटपर्यंत पाठ केली नाहीत. अपवाद दोन: पहिलं आणि शेवटचं. ती शब्दन् शब्द ठरलेली होती, कारण उभं राहिल्यावर पहिल्या अर्ध्या मिनिटात हात गार पडलेले असतात, तेव्हा शब्द शोधायची ताकद नसते. पहिलं वाक्य होतं, "डिसेंबर १९३६ मध्ये देशाचं राजकारण आठवडाभर माझ्या बसस्टॉपवर मुक्कामाला होतं." मॅडमनी 'अध्यक्ष महाशय' का काढून घेतलं ते हे वाक्य तयार करताना कळलं.

वर्गात माझा नंबर मधल्या सुट्टीनंतर लागला. आधीच्या मुलाने केळीची टिश्यू कल्चर रोपं इतकी छान समजावली की वर्ग अजून त्याच्यातच होता. मी उभी राहिले, पहिलं वाक्य म्हटलं, दोघंतिघं हसले, आणि गाडी सुटली. आमोदा झालं, बामणोदला वांगी दिसली तशी मला खरोखर भूक लागली. पुलावरून रथ गेला. भुसावळला मतपेट्या उघडल्या आणि मॅडमनी हात वर केला.

"एक मिनिट. १९३६ मध्येच आधी एक अधिवेशन झालं होतं ना?"

"हो मॅडम, एप्रिलमध्ये, लखनौला. तिथेही अध्यक्ष नेहरूच होते."

उत्तर दिलं खरं, पण कायदा कुठपर्यंत सांगून झाला होता ते गेलं. वर्ग गप्प. मी म्हटलं, "लखनौ शहर होतं. डिसेंबरमधलं हे सगळं मात्र एका खेड्यात." म्हटलं आणि थांबले. तेवढ्यात वाघूरचा पूल आला, शेतकरी गाडीत चढला. घटना समितीबद्दलचं एक वाक्य राहून गेलं, ते कुणाला कळलं नाही. नशिराबाद आलं तेव्हा भिंतीवरच्या घड्याळात सात मिनिटांना थोडा वेळ बाकी होता.

नंतर मॅडमनी चांगलं-वाईट दोन्ही सांगितलं. वाक्याच्या शेवटी आवाज पडतो, 'खेड्यात' मधला 'त' ऐकू येत नाही. हात ओढणीत गुंतलेला. मग म्हणाल्या, "आणि तू सारखी डावीकडे खिडकीबाहेर का बघत होतीस?" आता काय सांगणार? गाडीत मी रोज डावीकडच्याच सीटवर बसते. या पद्धतीतला हा दोष खरा आहे: आतला रस्ता बघता बघता समोरची माणसं दिसेनाशी होतात. त्यावर मी उपाय काढलाय. थांबा आला की समोरच्या एकाच्या तोंडाकडे बघायचं आणि धृपद त्यालाच ऐकवायचं.

दुसरा दोष सरावपाठाला दिसला. आठवीच्या वर्गावर जलचक्राचा पाठ होता, तोही मी घाईघाईने याच रस्त्यावर बसवला. बाष्पीभवन तापीच्या पुलावर ठेवलं. फळ्यापाशी उभी राहिले तर पुलावर वाफेआधी रथच हजर, बैलांसकट. जुनी चित्रं सहजासहजी जागा सोडत नाहीत. मानसशास्त्राच्या पुस्तकात याला अवरोध म्हणतात आणि तोही पाच गुणांना असतो. तेव्हापासून प्रत्येक विषयाला नवा रस्ता घेते. दोन विषय एका रस्त्यावर घालत नाही, निदान पहिला कामाचा आहे तोवर तरी.

पुढच्या सत्रात पुन्हा भाषण आहे, या वेळी दहा मिनिटांचं. विषय घेतलाय चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याबद्दलचा. रस्ता जळगाव-चाळीसगाव पॅसेंजरचा: शिरसोली, म्हसावद, माहेजी, पाचोरा, पुढे गाळण, नगरदेवळा, कजगाव, वाघळी. स्टेशनं भरपूर आहेत, मुद्दे कमी पडताहेत. धृपद अजून सापडलेलं नाही. आबांना विचारलं तर म्हणाले, "आधी चाळीसगावले जाऊन तर ये."